नव्या स्वयंसेवकाचे स्वागत : एका चुकीतून शिकलेले



गेली तीन वर्षे आम्ही काही जण मोबाइलच्या आधारे एक लहानसे काम करीत आहोत, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांतील पुष्कळ मुले घरी कोकणा बोली बोलतात. ती पहिलीत येतात तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. बाई काय म्हणतात ते मुलाला नीट कळत नाही आणि मूल काय म्हणते ते बाईंना कळत नाही. अशा शिक्षकांच्या हाती बोलीतल्या रोजच्या शब्दांची एक यादी द्यावी, एवढाच आमचा हेतू. शब्द गोळा करणारे, अर्थ लिहिणारे, टाइप करणारे, तपासणारे असे आम्ही सगळे एका व्हॉट्सॲप गटात आहोत. कोणी नाशिकला, कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. दोघी बहिणी तर परदेशात आहेत. मानधन कोणालाच नाही. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही.

या गटाचा ॲडमिन मी आहे. बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे शब्द तपासण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले.

दीड वर्षापूर्वी गटात एक तरुण आला. सुरगाण्याकडचा, सातपूरच्या एका कारखान्यात कामाला. कोकणा ही त्याची घरची बोली. तोपर्यंत ती बोली लहानपणापासून बोलणारे आमच्यात दोघेच होते. आला त्याच रात्री, सेकंड शिफ्ट संपवून खोलीवर गेल्यावर, साडेबाराच्या सुमारास त्याने एकोणीस शब्द पाठवले. सकाळी मी ते पाहिले. ऱ्हस्वदीर्घ मनाला येईल तसे, दोन शब्द यादीत आधीच असलेले, आणि आमच्या नमुन्याप्रमाणे प्रत्येक शब्दापुढे जे वाक्य हवे ते नाही. मी गटातच, सर्वांसमोर लिहिले, "शब्द पाठवण्यापूर्वी गटाचे नियम वाचावेत. शुद्धलेखन पाहून पाठवावे. यादीत असलेले शब्द पुन्हा पाठवू नयेत."

त्याचे उत्तर आले, "बरं सर." दुसऱ्या दिवशी तो गटातून बाहेर पडला होता.

खरे सांगायचे तर मला त्या वेळी काही वाटले नाही. लोक येतात, जातात. पुढे काम रखडू लागले तेव्हा मी सुरुवातीपासूनचे मेसेज चाळले. जे जे नवे आले होते त्यांतले निम्म्याहून अधिक पहिल्या महिन्यातच गप्प झाले होते. कोणाच्या पहिल्या मेसेजला उत्तरच गेले नव्हते. ज्यांना उत्तर गेले होते, त्यांतली बरीच उत्तरे माझी होती आणि ती सगळी वरच्या नमुन्यातली होती.

मग मी शोधू लागलो, की इंटरनेटवरून विनामोबदला मोठी कामे करणारे इतर गट नव्या माणसांचे काय करतात. जे सापडले ते आपल्यासमोर ठेवतो. आपल्या मंडळीत, तरुण संघात, महिला मंडळात आज कोणता ना कोणता असा गट आहेच. त्यामुळे हे सगळ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

विकिपीडियाचा अनुभव

स्वयंसेवकांनी इंटरनेटवर उभे केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे विकिपीडिया. १५ जानेवारी २००१ रोजी तो इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा. कोणीही यावे, लेख लिहावा, दुसऱ्याचा लेख सुधारावा, अशी त्याची पद्धत. पैसे कोणाला मिळत नाहीत.

पहिली काही वर्षे इंग्रजी विकिपीडियावर माणसांचा पूर आला. २००७ च्या सुमारास नियमित लिहिणाऱ्यांची संख्या ५० हजारांवर गेली. त्यानंतर ती उतरू लागली आणि २०१३ पर्यंत ३१ हजारांच्या आसपास आली. वाचणारे तर वाढतच होते. मग लिहिणारे का कमी झाले? लिहिण्यासारखे विषय संपले, असे काहींना वाटले. नवे येणारेच आता बरे नाहीत, असेही काही जण म्हणत.

२०१३ मध्ये एरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वर्षावर्षाच्या नव्या लेखकांची पहिली कामे तपासून पाहिली. त्यांना आढळले, की चांगल्या हेतूने येणाऱ्या नव्या माणसांचे प्रमाण घटलेले नव्हते. बदलली होती ती आत असलेल्यांची वागणूक. लोक लोंढ्याने येऊ लागले तशी नासधूस करणारेही आले. त्यांना आवरायला जुन्या मंडळींनी नियम वाढवले आणि एका बटणासरशी बदल उलटवणारी साधने तयार केली. त्यांनी नासधूस थांबली, पण त्याच जाळ्यात चांगल्या मनाने आलेले, फक्त पद्धत न कळलेले लोकही सापडू लागले. त्यांचे पहिलेच काम पुसले जाई आणि खाली आधीच छापून ठेवलेली ताकीद येई. अशी माणसे पुन्हा येत नसत.

हे वाचताना मला माझे तीन ओळींचे उत्तर आठवले. मीही यादी चोख राहावी म्हणूनच ते लिहिले होते. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, माझाही नव्हता. पण नव्या माणसाला आपला हेतू दिसत नाही, त्याला आपले शब्द तेवढे दिसतात.

माणूस निघून का जातो

प्रत्यक्ष भेटीत आपण नव्या माणसाला कितीतरी गोष्टी न बोलता सांगतो. उपासनेला कोणी नवे आले तर दाराशी उभा असलेला भाऊ हसून हात मिळवतो, कोणी बाकावर सरकून जागा देते, गीताचे पान उघडून पुढे करते. तिसऱ्या रविवारी त्याला कोणी न सांगता कळते की कधी उभे राहायचे. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच नसते. तिथे हसू दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. नुसती अक्षरे असतात, आणि नुसती अक्षरे बोलण्यापेक्षा नेहमीच कडक वाटतात.

शिवाय प्रत्यक्षात उठून जायला धैर्य लागते. गटातून बाहेर पडायला एक बोट पुरते. कारण विचारणारेही कोणी नसते.

माझ्या पाहण्यात नवा माणूस चार कारणांनी जातो. पहिले, त्याच्या पहिल्या शब्दाला उत्तर येत नाही. शांतता ही त्याला नकारासारखी वाटते. दुसरे, काय करायचे ते त्याला कळत नाही. "काहीही मदत चालेल" असे आपण म्हणतो, आणि काहीही म्हणजे नेमके काय हे त्याला उमगत नाही. तिसरे, पहिलीच चूक चारचौघांत दाखवली जाते. चौथे, जुन्या माणसांचे आपसातले विनोद, आपसातल्या आठवणी, आपसातले संक्षेप इतके असतात की आपण दुसऱ्याच्या घरच्या लग्नात आलो आहोत असे त्याला वाटते.

यातले एकही कारण आळशीपणाचे नाही. "आजकाल कोणाला सेवा करायची नाही" हे वाक्य आपण बैठकीत सहज बोलून जातो. मीही बोललो आहे. पण जो माणूस रात्री साडेबाराला, आठ तास उभ्याने काम करून आल्यावर एकोणीस शब्द टाइप करतो, त्याला सेवा करायची नाही असे कसे म्हणावे?

पहिले काम काजबटणाचे

जीन लेव्ह नावाच्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात शिंप्यांकडे शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तिथे नवा मुलगा आधी बटणे लावतो, कडा दुमडून हातशिलाई करतो. मग मशीनवर शिवायला शिकतो आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी येते. वस्त्र तयार होण्याच्या क्रमाच्या हे अगदी उलट आहे. पण त्यात शहाणपण आहे. बटण चुकले तर उसवून पुन्हा लावता येते, बेतलेले कापड चुकले तर वाया जाते. आणि बटणे लावता लावता मुलाला पुरा सदरा कसा असतो तेही हातांनी कळते. आपल्याकडच्या शिंप्याच्या दुकानातही काजबटणाला बसलेला पोऱ्या आपण पाहिला आहेच.

इंटरनेटवरच्या चांगल्या गटांनी हीच रीत उचलली आहे. जुनी पुस्तके मोफत वाचायला देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गसाठी २००० साली चार्ल्स फ्रँक्स यांनी मुद्रितशोधनाचा एक उपक्रम सुरू केला. पुस्तकाच्या एका पानाचे चित्र आणि यंत्राने वाचलेला मजकूर शेजारी शेजारी दिसतो. चित्राशी ताडून मजकुरातल्या चुका सुधारायच्या. दिवसाला एक पान केले तरी पुरे, असे तिथे सांगतात. एका माणसाला पुस्तक डोईजड होते, पण पान कोणालाही जमते. नोव्हेंबर २००२ मध्ये एका प्रसिद्ध संकेतस्थळावर या उपक्रमाची बातमी आली आणि एका दिवसात चार हजारांहून अधिक नवे लोक दाखल झाले. पान पान वाटून देण्याची सोय नसती, तर इतक्या लोकांना काम तरी काय दिले असते?

तिथली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. काही सोपी पुस्तके केवळ नवशिक्यांसाठी राखून ठेवतात. नवशिक्याने तपासलेले पान पुढे एखाद्या अनुभवी माणसाकडे जाते, आणि तो त्या नवशिक्याला खासगीत लिहून कळवतो की काय छान झाले आणि काय राहून गेले.

नकाशांच्या कामातही तसेच. ज्या भागांचे धड नकाशेच नाहीत तिथे संकटात मदत पोहोचत नाही. म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर स्वयंसेवक उपग्रहाच्या चित्रांवरून घरे आणि वाटा काढतात. १२ जानेवारी २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर आणि २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर हे काम मोठ्या प्रमाणात झाले. तिथे सारा प्रदेश लहान लहान चौकोनांत विभागतात. नव्या माणसाने एक चौकोन घ्यायचा, त्यातली घरे काढायची, झाले म्हणून सांगायचे. मग दुसरा कोणी ते तपासतो. त्या गावात त्याने कधी पाऊल ठेवलेले नसते, पण आपला चौकोन पुरा झाला हे त्याला दिसते.

लहान, स्पष्ट, अर्ध्या तासात संपणारे आणि चुकले तरी दुरुस्त होणारे काम पहिल्या दिवशी हातात पडले, तर माणूस दुसऱ्या दिवशी येण्याचा संभव वाढतो.

विचारायला जागा आणि गिरवायला पाटी

विकिपीडियाच्या मंडळींनाही आपली चूक उमगली होती. नव्यांना चावू नका, अशा अर्थाचा एक नियमच इंग्रजी विकिपीडियावर आहे. पण नियम लिहून वागणूक बदलत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी तिथे 'टीहाउस', म्हणजे चहाघर सुरू केले. तिथे नव्या माणसाने कितीही साधा प्रश्न विचारावा आणि यजमान म्हणून नेमलेल्या स्वयंसेवकांनी नियमांचे आकडे न फेकता साध्या भाषेत उत्तर द्यावे. काही नव्यांना तिथे येण्याचे निमंत्रण पाठवले आणि काहींना मुद्दाम पाठवले नाही, अशी तुलनाही पुढे केली गेली. निमंत्रण मिळालेल्यांपैकी अधिक जण पुढचे काही महिने टिकून राहिले. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण खरा होता. एवढासा खर्च आणि एवढा लाभ, हे कमी नाही.

मराठी विकिपीडियावरची दोन नावे मला या संदर्भात फार बोलकी वाटतात. सगळ्यांनी मिळून बोलण्याच्या पानाला तिथे 'चावडी' म्हणतात. आणि नव्याने लिहून पाहण्याच्या पानाला 'धूळपाटी'. पूर्वी पाटीवर धूळ पसरून त्यात बोटाने अक्षरे गिरवीत. चुकले की हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचे. त्या पुसण्याची लाज कोणाला वाटत नसे. प्रत्येक गटाला एक चावडी लागते तशी एक धूळपाटीही लागते. आमच्या गटात चावडी होती, धूळपाटी नव्हती. जो कोणी लिही तो थेट सर्वांच्या डोळ्यांसमोर लिही.

चूक सांगायची कशी

येथे कोणी म्हणेल, मग काय चुका तशाच राहू द्यायच्या? मुळीच नाही. शिक्षकांच्या हाती चुकीची यादी गेली तर आमच्या साऱ्या श्रमांचा उपयोग नाही. गोड बोलून चूक झाकणे हे प्रेम नव्हे, आणि नव्या माणसालाही ते कळते. प्रश्न आहे तो क्रमाचा आणि जागेचा.

आता आम्ही असे करतो. पहिले उत्तर गटात द्यायचे आणि ते आभाराचे द्यायचे. दुरुस्ती खासगीत सांगायची. एका वेळी एकच सांगायची, कारण पाच चुका एकदम दाखवल्या तर माणूस एकही सुधारत नाही. नियमाचा क्रमांक न सांगता त्यामागचे कारण सांगायचे. "प्रत्येक शब्दापुढे वाक्य लिहा" यापेक्षा "बाईंना शब्द कळला तरी तो वापरायचा कसा हे कळत नाही, म्हणून एक वाक्य दिलेत तर त्यांना सोपे जाईल" हे लांब आहे, पण ते ऐकणाऱ्याला कामात सहभागी करून घेते.

आणि दुरुस्ती करण्यापूर्वी स्वतःला विचारायचे, की चूक खरोखर चूक आहे का. हे मला फार उशिरा सुचले. मी त्या तरुणाच्या बोलीतल्या शब्दांना प्रमाण मराठीचे ऱ्हस्वदीर्घ लावत होतो. ती बोली त्याची. तो उच्चार ऐकत वाढला आणि जसा ऐकला तसा लिहिला. मी मराठीचा शिक्षक म्हणून त्याच्या आईच्या भाषेत त्याला नापास केले. नंतर जाणकारांना विचारले तेव्हा कळले, की मी 'सुधारलेल्या' शब्दांपैकी काही त्याने लिहिले होते तेच उच्चाराला जवळचे होते.

कौतुक कशाचे आणि किती

पैसे नसलेल्या कामात माणसाला धरून ठेवते काय? त्याच्या कामाचा कोणाला तरी उपयोग झाला हे कळणे, आणि ते कोणीतरी पाहिले हे कळणे.

याना गॅलस या संशोधक बाईंनी जर्मन भाषेतील विकिपीडियावर एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे चार हजार नव्या लेखकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून एक मानचिन्ह देण्यात आले. त्यात पैसा नव्हता, वस्तू नव्हती. पानावर एक चिन्ह आणि यादीत नाव, एवढेच. ज्यांना ते मिळाले त्यांचे पुढच्या महिन्यात टिकून राहण्याचे प्रमाण इतरांपेक्षा २० टक्क्यांनी अधिक निघाले. ज्यांना ते मिळाले ते इतरांहून काही अधिक गुणवान नव्हते. आपली दखल घेतली गेली, हा एकच फरक होता.

मात्र कौतुक करताना एक पथ्य आहे. रोज सगळ्यांना हात जोडल्याचे आणि फुलांचे चित्र पाठवले तर त्याचे मोल उरत नाही. "छान, छान" हे कशालाही म्हणता येते. "तुम्ही पाठवलेल्या पाऊसपाण्याच्या शब्दांतले तीन आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हते" हे ज्याने काम वाचले आहे त्यालाच म्हणता येते. नव्या माणसाला तो फरक लगेच कळतो.

लहान भाषेत एक माणूसही मोठा असतो

इंग्रजी विकिपीडियातून हजार माणसे गेली तरी तो चालतो. आदिवासी भाषांचे तसे नाही.

संताळी भाषेचे उदाहरण पाहा. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये या भाषेसाठी ओल चिकी लिपी तयार केली. त्या लिपीतला संताळी विकिपीडिया २ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाला. अशा नव्या भाषेचा विकिपीडिया मागितला आणि मिळाला असे होत नाही. आधी चाचणीच्या जागेत काम करून दाखवावे लागते. तेही एकट्याने नव्हे, तर निरनिराळ्या माणसांनी, महिनोन् महिने सातत्याने. तेव्हा कुठे त्या भाषेला स्वतःचे घर मिळते. म्हणजे ज्या भाषेत लिहिणारे बोटांवर मोजण्याइतके असतात तिथे पाचातला एक जण रुसून गेला, तर भाषेचे घरच लांबणीवर पडते.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आदिवासी बांधवांची संख्या १ कोटी ५ लाखांच्या वर आहे. वारली, कोकणा, भिल्ल, गोंड, कातकरी, कोलाम असे अनेक समाज त्यात आहेत. त्यांच्या बोली जाणणारी आणि मोबाइल हाताळणारी पहिली पिढी आज विशी-पंचविशीत आहे. त्यांच्या आजी-आजोबांकडे शब्द आहेत, यांच्याकडे टाइप करणारी बोटे आहेत. हे दोन्ही एकाच घरात असण्याचा काळ फार लांबणार नाही. म्हणून अशा कामात येणाऱ्या तरुणाला आपल्या दारातून परत पाठवणे हे मोठे नुकसान आहे. आणि तो शाळेत, कचेरीत, बसमध्ये 'तुझी भाषा अशुद्ध आहे' हे ऐकतच मोठा झालेला असतो. आमच्या गटात येऊनही त्याने तेच ऐकले.

आम्ही काय बदलले

गेल्या वर्षभरात आम्ही गटात पुढील बदल केले. आपल्याला उपयोगी वाटतील ते घ्यावेत.

१. नवा सदस्य आला की कोणी बोलायचे, हे आधी ठरलेले असते. सगळ्यांचे काम म्हणजे कोणाचेच नाही, म्हणून पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळ्या लावल्या आहेत. त्या दिवसांत त्या व्यक्तीने नव्या माणसाला फोन करायचा. पाच मिनिटे पुरतात.

२. पहिल्या मेसेजला त्याच दिवशी उत्तर जाते. उत्तर ठाऊक नसले तरी "विचारून सांगतो" इतके तरी जाते.

३. पहिले काम ठरलेले आहे : आपल्या घरातल्या स्वयंपाकघरातल्या पाच वस्तूंची नावे. ती कोणालाही येतात. नमुन्याचा आग्रह पहिल्या महिन्यात धरत नाही.

४. नव्यांसाठी वेगळा लहान गट आहे. त्याचे नाव आम्ही 'धूळपाटी' ठेवले आहे. तिथे कितीही चुका चालतात.

५. गटाचे बावीस नियम होते, ते पाच केले. उरलेले तपासणाऱ्यांनी पाळायचे आहेत, पाठवणाऱ्यांनी नव्हे.

६. टाइप करणे जमत नसेल त्याने बोलून पाठवावे. आमच्यातले दोघे ऐकून लिहून घेतात.

७. कोणी पंधरा दिवस गप्प असेल तर "काम राहिले आहे" असे न लिहिता "सगळे ठीक ना?" असे विचारतो. परीक्षा असतात, शेतीची कामे असतात, घरात आजारपण असते. ज्याला जायचे आहे त्याला आभार मानून निरोप देतो. दार उघडे ठेवून गेलेला माणूस कधी ना कधी पुन्हा डोकावतो.

याने सगळे टिकतात असे नाही. आजही काही जण येऊन जातात, आणि ते तसेच राहणार. पण गप्प राहून निघून जाणारे कमी झाले आहेत. जाणारा आता सांगून जातो.

त्या तरुणाचे काय झाले

हे विचारल्याशिवाय आपण राहणार नाही, म्हणून सांगतो. नंबर माझ्याकडे होताच. तरी फोन करायला मला आठ दिवस लागले. शिक्षकाला विद्यार्थ्याच्या वयाच्या माणसाची क्षमा मागायची सवय नसते. शेवटी एका रविवारी दुपारी फोन केला आणि म्हणालो, "मी चारचौघांत तुम्हाला तसं लिहायला नको होतं. माझं चुकलं. आणि तुमचे शब्द बरोबर होते."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाही सर, तुम्ही वाईट नाही बोललात. मलाच वाटलं, हे शिकलेल्या लोकांचं काम आहे. आपण उगीच मध्ये आलो."

हे वाक्य मला रागापेक्षा अधिक लागले. त्याच्या घरच्या भाषेची यादी करणाऱ्या गटात, आपण उगीच मध्ये आलो असे त्याला वाटले होते.

तो गटात परत आला नाही. शिफ्ट बदलली होती, वेळ नव्हता, आणि कदाचित मनही नव्हते. मी आग्रह केला नाही. पण दिवाळीला तो गावी गेला होता, तेव्हा एका संध्याकाळी माझ्या फोनवर त्याचा आवाजी संदेश आला. सुमारे चाळीस मिनिटांचा. त्याची आजी बोलत होती आणि तो मधून मधून विचारत होता. राब भाजण्यापासून नागली घरात येईपर्यंत प्रत्येक कामाचे, प्रत्येक अवजाराचे, दाण्याच्या प्रत्येक अवस्थेचे नाव तिने सांगितले होते. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता, मध्येच कोणी चहा आणून दिला तो कप ठेवल्याचाही. त्यातले कितीतरी शब्द आमच्या यादीत नव्हते. ते लिहून घ्यायला आम्हाला तीन आठवडे लागले. तपासताना अडलेल्या प्रत्येक शब्दासाठी मी त्यालाच फोन केला, आणि तो म्हणेल तसे लिहिले.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणाला बोली येत असेल, नुसते टाइप करता येत असेल, किंवा आठवड्यातून एकदा नव्या माणसाला फोन करून पाच मिनिटे बोलता येत असेल, तर आमच्या कामात आपले स्वागत आहे. आपल्या पाळकांकडे किंवा या वार्तापत्राच्या संपादकांकडे नाव द्यावे. पहिल्या दिवशी पाच शब्द पुरेत. शुद्धलेखनाची चिंता करू नये. ते पाहायला मी आहे, आणि आता ते विचारून पाहीन.